"न्यूट्रलला टाक, चालेल": फोर बाय फोर आणि टोचनाचा इतिहास



आजचा एपिसोड माझ्याच एका वाक्यापासून सुरू होतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, ताम्हिणी घाट, वरून धो धो पाऊस, आणि मी पूर्ण आत्मविश्वासाने म्हणतोय, "मामा, गाडी न्यूट्रलला टाक आणि ते बटण टू व्हीलवर फिरव. चालेल, काही होत नाही."

माझा मामा शाळेत मास्तर होता. आयुष्यभर स्कूटर चालवली आणि रिटायर झाल्यावर हौसेने एक सेकंडहँड एसयूव्ही घेतली, चारही चाकांना ताकद जाणारी. त्या दिवशी रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याखाली खड्डा दिसला नाही, इंजिनात पाणी गेलं आणि गाडी जागेवर बसली. फोनला रेंज मिळेपर्यंत तासभर गेला. मग क्रेन आली. साधी, मागे हूक असलेली, गाडीची एक बाजू उचलून ओढत नेणारी.

एक गोष्ट आज कबूल करतो. क्रेनवाल्या दादांनी पहिलाच प्रश्न अगदी बरोबर विचारला होता. "साहेब, फोर बाय फोर आहे का? असेल तर मागची चाकं रस्त्यावर फिरवायची नाहीत. फ्लॅटबेड मागवा. पण या पावसात ती रात्रीशिवाय यायची नाही." मामाने माझ्याकडे बघितलं. मी बीटेक. ब्रँच कॉम्प्युटर आहे, पण आत्मविश्वासाला ब्रँच नसते. मी ते वरचं वाक्य बोललो.

पुढची चाकं हवेत, मागची रस्त्यावर, अशी आमची वरात निघाली. पौड मागे पडल्यावर जळका वास यायला लागला. दादांनी क्रेन बाजूला घेतली, खाली वाकून हात नेला आणि चटकन मागे घेतला. मागच्या डिफ्रन्शलजवळ हात ठेवता येत नव्हता. पुढे गॅरेजमध्ये काय झालं, तर इंजिन साफ करून, तेल बदलून दोन दिवसांत सुरू झालं. पण मागच्या चाकांकडे ताकद पाठवणारं कपलिंग कायमचं गेलं होतं. पाण्याने केलं नाही एवढं नुकसान माझ्या वाक्याने केलं. बिल बघून मामा एवढंच म्हणाला, "असू दे रे, तुला तरी काय माहीत!"

ते "तुला तरी काय माहीत" माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून मग शोधत बसलो की बटणावर टू व्हील लिहिलंय, गिअर न्यूट्रलला आहे, इंजिन बंद आहे, तरी जळलं कसं? उत्तर शोधता शोधता शंभर वर्षं मागे गेलो.

तर चला १९१६ सालात. अमेरिकेत टेनेसी राज्यातलं चॅटनूगा गाव. एका माणसाची फोर्ड मॉडेल टी ओढ्यात उलटी पडली. गॅरेज चालवणारा अर्नेस्ट होम्स मदतीला गेला. दोरखंड, ठोकळे, सहा-सात माणसं, आणि एक गाडी बाहेर काढायला जवळजवळ अख्खा दिवस. होम्स वैतागला. त्याने एका जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब उभे केले, पुली आणि साखळी लावली. ही जगातल्या पहिल्या टोइंग गाड्यांपैकी एक मानली जाते. चॅटनूगामध्ये आज टोइंगचं चक्क म्युझियम आहे. (पुण्यात टोइंग म्हटलं की आपल्याला आपली उचललेली टू व्हीलर आठवते. त्याचं म्युझियम कोणी काढणार नाही.)

होम्सच्या काळात प्रश्न सोपा होता. गाड्यांची ताकद साधारण मागच्या दोन चाकांना जायची, म्हणजे मागचा भाग उचलला की संपलं. पुढची चाकं बैलगाडीच्या चाकांसारखी नुसती फिरतात, त्यांना कोणतंही यंत्र जोडलेलं नाही. नंतर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आल्या, मग पुढून उचलायचं. ज्या चाकांना ताकद जाते ती हवेत ठेवायची, उरलेली रस्त्यावर. जगभरातल्या हूकवाल्या क्रेन याच हिशोबावर बनल्या.

आता यात चारही चाकांची गाडी आणा. कुठून उचलणार?

या प्रश्नाचं पहिलं उत्तर युद्धातून आलं. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याला एक छोटी, हलकी, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा झाली आणि नमुना तयार करायला मुदत दिली ४९ दिवस. बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं. त्याने दोन दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला, मुदत संपायला अर्धा तास बाकी असताना, गाडी मेरिलँडमधल्या सैन्याच्या तळावर पोचली. आपण रिलीजच्या आदल्या रात्री कोड ढकलतो, त्यांनी जीप ढकलली. पुढे विलिज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

या जीपमध्ये ड्रायव्हरजवळ गिअरच्या दांड्याशिवाय आणखी दोन छोटे दांडे होते. आपल्या आजच्या गोष्टीचे हिरो हेच. इंजिनची ताकद आधी गिअरबॉक्समध्ये जायची, तिथून ट्रान्सफर केस नावाच्या दुसऱ्या डब्यात, आणि तिथून दोन लोखंडी शाफ्टमधून एक वाट पुढे, एक मागे. एका दांड्याने पुढची वाट जोडायची किंवा तोडायची. दुसऱ्याला तीन जागा होत्या, हाय, लो, आणि मधे न्यूट्रल.

हे न्यूट्रल साधं नाही. गिअरबॉक्सचं न्यूट्रल इंजिनला सोडवतं, पण गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट चाकांना जोडलेलाच राहतो. चाकं फिरली की तो फिरतो. ट्रान्सफर केसचं न्यूट्रल मात्र गिअरबॉक्सच्या पलीकडे आहे. तिथे साखळी तुटली की चाकं एकीकडे आणि इंजिन-गिअरबॉक्स दुसरीकडे. युद्धानंतर शेतकऱ्यांना जीप विकताना कंपनीने याचा मस्त उपयोग दाखवला. ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाका, गाडी जागेवर उभी, आणि इंजिनच्या ताकदीवर पट्टा लावून मळणीयंत्र चालवा.

गिअरबॉक्सचं न्यूट्रल टोचनाला का पुरत नाही, हे नीट सांगतो, कारण माझी चूक इथेच होती. बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आतलं तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. तुम्ही गाडी ओढता, चाकं आतला शाफ्ट फिरवतात, आणि तेल खाली तळाशी निवांत बसलेलं. लोखंडावर लोखंड कोरडं घासतं. मॅन्युअलमध्येही फार वेगळं नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये खालचा शाफ्ट क्लचच्या बाजूने फिरतो आणि तेल वर उडवतो. इंजिन बंद असताना तो थांबलेला, वरचा मात्र चाकांमुळे फिरतोय. दोन-चार किलोमीटर हळू नेलं तर निभावतं, घाटातून पुण्याला नेलं तर अवघड आहे.

अमेरिकेत लोक घरासारख्या मोठ्या मोटरहोमच्या मागे आपली जीप रँग्लर जोडून हजारो किलोमीटर नेतात, चारही चाकं रस्त्यावर. त्याची कंपनीने सांगितलेली पद्धत ऐकून मी दोनदा वाचलं. ट्रान्सफर केस न्यूट्रलला, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चक्क पार्कमध्ये! ओढायच्या गाडीला पार्क? पण बरोबर आहे. साखळी पुढे तुटलेली आहे, म्हणून गिअरबॉक्स स्थिर राहिलेलाच बरा. याचीच दुसरी बाजू जिवावर बेतणारी आहे. ट्रान्सफर केस न्यूट्रलला गेली की पार्क किंवा पहिला गिअर गाडीला धरून ठेवत नाही. उतारावर हँडब्रेक न लावता, चाकाखाली दगड न ठेवता तो दांडा हलवला, तर गाडी सुटते. समोर माणूस हूक लावत उभा असतो.

परत इतिहासात येऊ. युद्ध संपलं, सैन्याच्या जुन्या जीप स्वस्तात विकायला निघाल्या. लोक त्या रोजच्या रस्त्यावर चालवू लागले आणि लक्षात आलं की पुढची वाट दांड्याने तोडली तरी रस्त्यावरची पुढची चाकं आतला सगळा लोखंडी पसारा फिरवतच राहतात. आवाज, झीज, पेट्रोल. १९४८ मध्ये सिएटलच्या आर्थर वॉर्नने यावर चाकाच्या मधोमध बसणारा लॉकिंग हब विकायला काढला. खाली उतरायचं, हाताने तो फिरवायचा, चाक मोकळं. टोचन करणाऱ्यांसाठी तर हे वरदान होतं. मागून उचला, पुढचे हब मोकळे करा, स्टिअरिंग सरळ बांधा, आत काहीही फिरत नाही.

ही जीप आपल्याकडेही लगेच आली. चाळीसच्या दशकाच्या शेवटी महिंद्राने मुंबईत माझगावला विलिजच्या जीप जोडायला सुरुवात केली, आणि गावोगावचे मिस्त्री याच गाडीवर शिकले. १९८५ मध्ये मारुती जिप्सी आली. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून अगदी वेगळी, मधे छोटा शाफ्ट. जुने मिस्त्री अजून सांगतात, "लांब न्यायची असेल तर शाफ्टचे चार बोल्ट खोल, शाफ्ट काढून डिकीत टाक, मग ने कुठे न्यायची तिकडे." जोड कुठे आहे ते त्यांना दिसायचं, हाताने तोडता यायचा. (शाफ्ट काढल्यावरही पार्क आणि गिअर निकामी, हे ते सांगायला विसरत नाहीत.)

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग गाडी सोपी करायची टूम निघाली.

जीपची एक अडचण होती. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चारही चाकं घट्ट जोडलेली असतील तर चिखलात चाकं घसरून हिशोब जुळवतात, कोरड्या डांबरावर मात्र शाफ्टना पीळ बसतो. म्हणून जीप रोज फोर व्हीलवर चालवता येत नव्हती. हे सोडवायच्या मागे लागले हॅरी फर्ग्युसन. होय, तेच, मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरवाले. आपल्या फर्ग्युसन कॉलेजशी त्यांचा संबंध नाही, ते मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाचं. हॅरी फर्ग्युसनना साध्या कारमध्ये कायमची चारचाकी ताकद हवी होती, आणि त्यांच्याबरोबर काम करत होता टोनी रोल्ट.

या रोल्टवर वेगळा एपिसोड करायला हवा. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कोल्डिट्झ किल्ल्यात कैदी होता. तिथल्या कैद्यांनी पोटमाळ्यावर लपवून लाकडाचं ग्लायडर बांधलं, छतावरून उडून पळायला! ती मूळ कल्पना रोल्टची. उडायच्या आत युद्ध संपलं. १९५३ मध्ये त्याने डंकन हॅमिल्टनबरोबर ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. १९६१ मध्ये फर्ग्युसनची चारचाकी रेसिंग कार घेऊन स्टर्लिंग मॉसने ओल्या औल्टन पार्कवर गोल्ड कप मारला. फॉर्म्युला वन नियमांची शर्यत जिंकणारी ती आजवरची एकमेव फोर व्हील ड्राइव्ह गाडी.

१९६६ ची जेन्सेन एफएफ ही याच तंत्रावर बनलेली कार. जेमतेम ३२० बनल्या, पण रस्ता दाखवून गेली. पुढच्या आणि मागच्या वाटेच्या मधे एक डिफ्रन्शल, त्यामुळे वळणावर पीळ नाही. ड्रायव्हरला काही करायची गरज नाही. रोल्टच्या कंपनीने मग व्हिस्कस कपलिंग पुढे आणलं. एका डब्यात पातळ पत्र्याच्या चकत्या आणि घट्ट सिलिकॉन तेल. पुढच्या-मागच्या वेगात फरक पडला की तेल घुसळतं, तापतं आणि चकत्या एकमेकींना ओढायला लागतात. घसरणाऱ्या चाकाला आपोआप आवर. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या एएमसी ईगलमध्ये हेच होतं.

आता ही गाडी पुढून उचला आणि ओढा. मागची चाकं फिरतायत, पुढची थांबलेली. कपलिंगला वाटतं, अरे बापरे, केवढी घसरतेय गाडी! ते इमानदारीत आपलं काम करतं. तापतं, आणखी तापतं आणि शेवटी घट्ट होतं. मग एक तर ते जळतं, नाही तर पुढच्या चाकांना फिरवायला बघतं आणि गाडी क्रेनवर धडपडायला लागते. ज्या गुणासाठी ते बनवलं तोच गुण टोचनात घातक.

१९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आउडी क्वाट्रो आली. माझ्या मते टोचनाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी तारीख आहे, जरी लोक तिला रॅलीसाठी ओळखत असले. आउडीच्या इंजिनिअरांनी पोकळ शाफ्टची युक्ती करून मधलं डिफ्रन्शल गिअरबॉक्सच्या आतच बसवलं. वजन कमी, जागा कमी, देखणं काम. पण वेगळा डबाच नाही म्हणजे त्याचा दांडा नाही, आणि दांडा नाही म्हणजे ते दुसरं न्यूट्रल नाही. साखळी हाताने तोडायची जागाच गेली.

१९९८ मध्ये आउडी टीटीबरोबर हॅल्डेक्स कपलिंग आलं. गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते, गरज पडली की कॉम्प्युटर मागची जोडतो. त्याच्या पहिल्या पिढीत तेलाचा दाब पुढच्या-मागच्या वेगातल्या फरकातून तयार व्हायचा.  नंतरच्या काळात अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रणाली आपल्याकडच्या एसयूव्हींमध्ये आल्या. २०१४ च्या डस्टर ऑल व्हील ड्राइव्हमध्ये तर टू व्हील, ऑटो, लॉक असं छान गोल बटण होतं. मामाच्या गाडीतही तसलंच बटण होतं.

इथे मला माझी चूक कळली, आणि ती माझ्याच धंद्यातल्या माणसाने करावी हे जास्त लाजिरवाणं. आपण ॲपमध्ये एखादं फीचर फ्लॅगने बंद करतो. युजरला दिसत नाही, पण कोड आतच असतो. ते बटण म्हणजे तसला फ्लॅग आहे. टू व्हीलवर फिरवलं की कॉम्प्युटर कपलिंग दाबत नाही, एवढंच. लोखंड सुटत नाही. मागची चाकं शाफ्ट फिरवतात, शाफ्ट कपलिंगची एक बाजू फिरवतो, दुसरी बाजू हवेतल्या चाकांबरोबर थांबलेली, आणि मधल्या चकत्या तेलात घासत राहतात. सावकाश, किलोमीटरमागून किलोमीटर. ताम्हिणीपासून पौडच्या पुढेपर्यंत.

मग करायचं काय? गाडीत ऑल व्हील ड्राइव्ह असेल, बटण असेल किंवा बटणही नसेल, तर चारही चाकं जमिनीवरून वर. फ्लॅटबेड, नाही तर दोन चाकं क्रेनवर आणि उरलेल्या दोन चाकांखाली छोटी चाकवाली डॉली. ऑल व्हील ड्राइव्हला तिसरा शहाणपणा करू नका. क्रेन बुक करताना फोनवरच सांगा, कारण गाडीकडे बघून कळतंच असं नाही. एकाच मॉडेलचा एक प्रकार दोन चाकांवर, दुसरा चारवर.

ज्यांच्याकडे खरा दांडा आहे, थारसारखा, टू एच, फोर एच, एन, फोर एलवाला, त्यांना एनचा आधार आहे. तरी तुमच्या गाडीच्या पुस्तकात टोइंगचं पान असतं ते आज घरी बसून वाचा, घाटात नाही. फोर एच किंवा फोर एलमध्ये दोन चाकं उचलून ओढणं हा गाडीवर अत्याचार आहे. दोर लावून टोचन करायचीच वेळ आली तर अंतर थोडं, वेग कमी, चावी फिरवून स्टिअरिंग मोकळं, आणि लक्षात ठेवा, इंजिन बंद असताना ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो. मागे बसणारा माणूस पायात जोर असलेला हवा.

इलेक्ट्रिकमध्ये गोष्ट अजून एक पायरी पुढे गेलीय. हॅरियर ईव्हीच्या क्यूडब्ल्यूडीसारख्या गाडीत पुढे एक मोटर, मागे एक, मधे शाफ्टच नाही. पण चाक फिरलं की चुंबकवाली मोटर फिरते आणि मोटर फिरली की ती वीज बनवते, गाडी बंद असली तरी. म्हणून तिथेही फ्लॅटबेडच.

मामाने ते कपलिंग बदलून घेतलं. पैसे मी देतो म्हटलं तर घेतले नाहीत. गेल्या पावसाळ्यात पानशेतच्या रस्त्यावर गाडी पुन्हा बंद पडली, या वेळी नुसतं वायरिंग. मी काही बोलायच्या आत मामाने फोन लावला होता. "हो, ऑल व्हील ड्राइव्ह. नाही, हूकवाली नको. फ्लॅटबेड. थांबतो आम्ही." साडेतीन तास थांबलो. गाडी वर चढल्यावर त्याने स्वतः खाली वाकून चारही चाकांचे पट्टे ओढून बघितले. मी छत्री धरून उभा होतो.